उतारवयातलं प्रेम: आधी ‘मम’ लावायची की ‘लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स’?

ब्रिटिश मालिकांची गोडी लागलेल्या माणसाला ‘मम’ (म्हणजे आई) आणि ‘लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स’ ही दोन नावं कुणी ना कुणी सुचवतंच, आणि बहुतेक वेळा एका दमात. दोन्हींत जोडीदार गमावलेली माणसं आहेत आणि उशिरा उमललेलं प्रेम आहे. रोज रात्री जेवणं आवरल्यावर तासभरच हाताशी असेल, तर सुरुवात कशापासून करायची, हा खरा प्रश्न. मी दोन्ही शेवटपर्यंत बघितल्या आहेत, काही भाग पुन्हाही. पुढे दोन्हींतल्या काही घटना उघड होणार आहेत. त्या सांगितल्याशिवाय माझं म्हणणं मांडता येणार नाही.

‘लास्ट टँगो’ची बाजू भक्कम आहे, म्हणून ती आधी घेतो. लेखिका सॅली वेनराइट हिच्या आईला नवऱ्याच्या निधनानंतर तरुणपणीचा मित्र इंटरनेटवर पुन्हा सापडला आणि तिने त्याच्याशी लग्न केलं. मालिकेचं मूळ तिथे आहे, आणि पहिल्या भागात तो जिव्हाळा जाणवतो. शाळेत असताना गोष्टीतल्या ॲलनने सीलियासाठी चिठ्ठी दिली होती. ती जिच्या हाती दिली तिने पोचवलीच नाही, आणि पुढे ॲलनचं लग्न तिच्याशीच झालं. आता सत्तरी ओलांडल्यावर दोघं यॉर्कशरमधल्या स्किप्टन गावी एका कॅफेत भेटतात, बाहेर गाडी चोरीला जाते, आणि हे दोघं चोराच्या मागे लागतात. डेरेक जेकबी आणि ॲन रीड यांना त्या तासाभरात बघणं म्हणजे निखळ आनंद आहे. २०१२ साली मालिका सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा बाफ्टा पुरस्कार तिला मिळाला, यात नवल वाटत नाही.

पण पन्नाशीच्या आसपासचं प्रेम शोधत असाल, तर ते या दोघांच्या मुलींकडे आहे. सीलियाची मुलगी कॅरोलाइन हॅरोगेटमध्ये शाळेची मुख्याध्यापिका, नवरा दुसरीकडे गुंतलेला, आणि स्वतः शाळेतल्या केट नावाच्या शिक्षिकेच्या प्रेमात. ॲलनची मुलगी गिलियन हॅलिफॅक्सजवळ शेत आणि मेंढ्या सांभाळते, हाती पैसा नाही, आणि चुकीच्या पुरुषाकडे ओढली जाण्याची तिला खोडच आहे. सारा लँकॅशर आणि निकोला वॉकर या दोघी एका टेबलाशी समोरासमोर बसून बोलायला लागल्या की लेखिकेचा हात धरणारं कुणी नाही. एकीला दुसरी आधी आवडत नाही, मग तिच्यावाचून करमत नाही. आई-वडिलांच्या लग्नामुळे बळेच बहिणी झालेल्या या दोघींची मैत्री मला मूळ प्रेमकथेपेक्षाही मोलाची वाटते.

आता मला काय खुपलं ते. ॲलन आणि सीलिया पहिल्या भागातच लग्नाचं ठरवतात. प्रेमाचा प्रश्न तिथेच सुटला, पुढे तेवीस भाग उरले. ते भरायचे कशाने? गुपितांनी. कॅरोलाइनच्या नवऱ्याने गिलियनबरोबर रात्र घालवली, हे एक. गिलियनचा पहिला नवरा गेला कसा, हे दुसरं, आणि ते फारच काळं. मग ॲलनला कधीच माहीत नसलेला मोठा मुलगा येऊन उभा राहतो. प्रत्येक गुपित स्वतंत्रपणे बघितलं तर पटतं, लिहिलेलंही उत्तम असतं. पण दोन-तीन भाग शांततेत गेले की मी सावध व्हायला लागलो: आता कुठून काय कोसळणार? माणसं सुखात दिसली की धास्ती वाटायची. प्रेमाच्या गोष्टीत मला ही धास्ती नको होती.

आणि मग तिसऱ्या पर्वात केटचा मृत्यू. कॅरोलाइनने अनेक वर्षं स्वतःला कोंडून ठेवलेलं. आईला हे नातं मान्य नाही, ती लेकीच्या लग्नालासुद्धा येत नाही. एवढं सगळं पार करून दोघींचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी गरोदर केटला गाडीची धडक बसते. बाळ वाचतं, केट जाते. त्या वेळी ब्रिटनमध्ये बरेच प्रेक्षक संतापले, विशेषतः पडद्यावर अशी जोडपी नेहमी मरणानेच वेगळी केली जातात याचा वीट आलेले. मला त्यांचं म्हणणं पटतं. त्यानंतरच्या प्रसंगांत कॅरोलाइनला केट दिसत राहते, तिच्याशी ती घरातल्या साध्यासुध्या गोष्टी बोलते, आणि लँकॅशरचं काम थक्क करणारं आहे, हे मान्यच. तरी ते बघताना मनात एकच होतं: या दोघी नुसत्या एकत्र राहिल्या असत्या, बाळाच्या जागरणावरून भांडल्या असत्या, तर लेखिकेकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं का? वेनराइटसारखी लेखिका त्याचंही सोनं करून दाखवू शकली असती. माझं मन तिथे जे उतरलं ते पुन्हा पूर्वीसारखं लागलं नाही. तुमचं तसं होईलच असं नाही. माझ्या बायकोला तेच पर्व सर्वांत जास्त आवडलं.

‘मम’ याच्या उलट्या टोकाला आहे. २०१६ ते २०१९ या काळातली तीन पर्वं, स्टेफान गोलाशेव्स्कीने लिहिलेली. पूर्व लंडनच्या कडेला, चिंगफर्डमधलं एक मध्यमवर्गीय घर. कॅथी साठीला टेकलेली; नवऱ्याच्या, डेव्हच्या अंत्यविधीच्या दिवशी गोष्ट सुरू होते. मायकेल हा डेव्हचा जुना मित्र, आणि त्याचं कॅथीवर कित्येक वर्षांपासून प्रेम आहे. पहिली दोन पर्वं जवळपास सगळीच त्या घरात आणि मागच्या बागेत घडतात, प्रत्येक भागात काळ थोडा पुढे सरकलेला. घरात सदैव माणसं: मुलगा जेसन, त्याची मैत्रीण केली, कॅथीचा भाऊ डेरेक, त्याची तोरा मिरवणारी पॉलीन, डेव्हचे म्हातारे आईबाप. मायकेल काही बोलायला तोंड उघडतो आणि कुणीतरी दार ढकलून आत येतं. पहिल्या दोन पर्वांत ही दोघं फार तर हात हातात घेण्यापर्यंत पोचतात.

काहीच घडत नाही, ही तक्रार ‘मम’बद्दल ऐकू येते. ती खोटी नाही. पण कॅथी झालेल्या लेस्ली मॅनव्हिलचा चेहरा बघा. पॉलीन काहीतरी लागट बोलते. कॅथी क्षणभर थांबते, डोळ्यांत एक हसू येऊन जातं, आणि ती चहाचं विचारते. त्या थांबण्यात राग आहे, करमणूक आहे आणि समोरच्या बाईबद्दल कीवही आहे. मायकेल झालेल्या पीटर मलनला मी त्याआधी दरारा वाटावा अशाच भूमिकांमध्ये पाहिलं होतं. इथे तोच माणूस हातांचं काय करायचं हे न कळल्यासारखा स्वयंपाकघरात उभा राहतो. आणि लिसा मॅकग्रिलिसची केली! अंत्यविधीच्या दिवशी पहिल्यांदा घरी आलेली ही मुलगी तोंडाला येईल ते बोलते आणि मग स्वतःच कावरीबावरी होते. तिच्या आईने तिला आयुष्यभर कमी लेखलंय. कॅथी तिला एकदाही ओशाळू देत नाही. त्या दोघींमध्ये हळूहळू जे नातं जुळतं, त्यासाठीच मी ही मालिका पुन्हा बघितली.

खटकणाऱ्या गोष्टी इथेही आहेत. पॉलीन आणि म्हातारे सासू-सासरे सुरुवातीला एकेरी, ठोकळेबाज वाटतात; माझ्या ओळखीचे दोघं-तिघं दुसऱ्या भागातच उठून गेले. तिसरं पर्व डेरेकच्या वाढदिवसासाठी घेतलेल्या मोठ्या बंगल्यात एका आठवड्यात घडतं, आणि तिथे जेसन आईच्या नव्या नात्यावरून जे वागतो ते बघवत नाही. पण तो राग ओळखीचा आहे. मुलाला आई सुखी हवी असते, फक्त वडिलांची जागा रिकामीच राहायला हवी असते. आपल्याकडे बायको गेलेल्या पुरुषाला स्थळं सुचवायला नातेवाईक पुढे येतात. नवरा गेलेल्या बाईबद्दल ‘नातवंडांत रमेल’ म्हणून विषय मिटवला जातो. चिंगफर्डच्या त्या घरात हेच चाललंय, आवाज न चढवता. म्हणून मला वाटतं, मराठी घरात ‘मम’ जास्त आत पोचावी.

बघण्याच्या सोयीचं म्हणाल, तर ‘लास्ट टँगो’ कपड्यांच्या घड्या घालतानाही बघता येते. संवाद सगळं सांगतात. सबटायटल मात्र लावा, गिलियनची यॉर्कशरची बोली वेगात धावते. ‘मम’ला पूर्ण लक्ष लागतं, नजर हलली की प्रसंग निसटतो. पण भाग अर्ध्या तासाचे, थकून घरी आल्यावरही झेपतात. आमच्याकडे एक फरक स्पष्ट दिसला. ‘लास्ट टँगो’नंतर बोलणं व्हायचं ते उद्या काय होणार याचं. ‘मम’नंतर विषय निघायचा ओळखीच्या माणसांचा: एका दूरच्या आत्याचा, एका शेजारच्या काकांचा, ज्यांच्याबद्दल आम्ही घरात कधी असं बोललोच नव्हतो.

ज्यांना दोन्ही नको असतील, निव्वळ हलकंफुलकं हवं असेल, त्यांनी नव्वदच्या दशकातली ‘ॲज टाइम गोज बाय’ बघावी. जुडी डेंच आणि जेफ्री पामर, आणि तिथेही कोरियाच्या युद्धातून लिहिलेलं, न पोचलेलं पत्र.

मला विचाराल तर आधी ‘मम’. किमान पहिल्या पर्वाचे सहाही भाग पुरे करा, मगच सोडायची की नाही ते ठरवा. पॉलीन तोवर माणूस वाटायला लागते. आणि भरल्या घराची, गावगप्पांची, वळणावळणाची गोष्ट आवडत असेल, तर ‘लास्ट टँगो’ बेलाशक घ्या. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस ख्रिसमसच्या आदल्या दिवशीचा विवाहसोहळा आहे. केटवर जीव जडला असेल, तर तिथे थांबलात तरी काही बिघडत नाही.