अॅमस्टरडॅम: एवढे सगळे स्टार, आणि मेन गोष्ट कोपऱ्यात

दोन वर्षं वॉचलिस्टमध्ये पडून होता हा पिक्चर, शेवटी रविवारी जेवणं झाल्यावर बाबांना घेऊन बसले. 2022 चा, डेव्हिड ओ. रसेलचा. ख्रिश्चन बेल, मार्गो रॉबी, जॉन डेव्हिड वॉशिंग्टन, डी निरो, रामी मलेक, ख्रिस रॉक, आन्या टेलर-जॉय... लग्नाच्या पत्रिकेत प्रेषकांची नावं असतात तशी यादी आहे. टेलर स्विफ्टपण आहे, पण ती आली आली म्हणेपर्यंत गाडीखाली जाते (स्पॉयलर नाही हो, सुरुवातीलाच आहे).

1933 चं न्यूयॉर्क. पहिल्या महायुद्धात एकत्र लढलेले दोन दोस्त, एक डॉक्टर एक वकील, त्यांच्या जुन्या कमांडरच्या मृत्यूत काहीतरी काळंबेरं आहे म्हणून शोधायला जातात आणि स्वतःच खुनाच्या आरोपात अडकतात. बेल भारी आहे, तो काचेचा डोळा, ती वाकडी चाल. मार्गो नर्स असते आणि सैनिकांच्या अंगातून काढलेले लोखंडाचे तुकडे जपून त्याच्या कलाकृती करते, ते मला जाम आवडलं. लुबेझ्कीचा कॅमेरा म्हटल्यावर दिसायला सुंदरच. पण बोलतात किती! तासाभरात बाबा घोरायला लागले, आणि मलापण कोण कोणाच्या मागे आहे ते कळेना.

आणि मग कळतं की हे सगळं ज्यासाठी चाललंय तो प्रकार खरा आहे. डी निरोचा जनरल म्हणजे स्मेडली बटलर, दोनदा मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेतला शौर्याचा सर्वोच्च सन्मान) मिळालेला मरीन. 1934 च्या नोव्हेंबरमध्ये त्याने काँग्रेसच्या कमिटीसमोर (तिकडची काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, आपला पक्ष नव्हे) शपथेवर सांगितलं की काही धनदांडग्यांना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला बाजूला सारून सत्ता हातात घ्यायचीय आणि त्यासाठी 5 लाख माजी सैनिकांचं नेतृत्व मी करावं अशी ऑफर घेऊन जेराल्ड मॅकग्वायर नावाचा बाँड विकणारा माणूस माझ्याकडे आला होता. त्याच्या आधी याच मॅकग्वायरने नेवार्कच्या हॉटेलात बटलरच्या बेडवर हजार हजार डॉलरच्या नोटा टाकल्या, एकूण 18 हजार, कशासाठी तर माजी सैनिकांच्या अधिवेशनात जाऊन सोन्याच्या आधारावर चालणाऱ्या चलनाच्या बाजूने भाषण ठोकायला! बटलरने पैसे घेतले नाहीत, पण पठ्ठ्याने मॅकग्वायरला बोलतं ठेवलं, आणि नंतर एका पत्रकाराला पाठवून त्याच्याच तोंडून सगळं वदवून घेतलं.

आता सांगा, हा हॉटेलचा सीन पिक्चरमध्ये का नाही? बेडवर नोटा, समोर जनरल, खोलीत दोघंच. अजून काय पाहिजे थ्रिलरला? त्याऐवजी आपल्याला मिळतो एक समारंभ, स्टेजवर भाषण आणि बंदूक घेऊन लपलेला माणूस. खऱ्या प्रकरणात तसं काही झालं नव्हतं, आणि कोणावर खटलाही चालला नाही. सगळ्या भानगडीत खटला न चालणं हीच गोष्ट मला सगळ्यात भीतीदायक वाटली आणि इथे ती घाईघाईत उरकलीय.

साधारण 8 कोटी डॉलर खर्चून 3 कोटींच्या आसपास कमाई झाली म्हणे, नवल नाही. माझ्याकडून 5 पैकी अडीच, त्यातला एक नुसता बेलला. बघणार असाल तर क्रेडिट्स लागल्यावर रिमोट उचलू नका, बटलरची खरी जुनी फिल्म आणि शेजारी डी निरो, तेच भाषण शब्दाला शब्द. बाबा नेमके तेव्हाच जागे झाले आणि म्हणाले, हा डावीकडचा जास्त चांगलं काम करतोय.