माळ्यावरून काय उतरवलं, काय तिथेच राहिलं

माझ्या नणंदेला सातवा महिना लागलाय. परवा तिने मोबाइलवर बाळाच्या खरेदीची एक यादी पाठवली. मोजल्या, ५३ वस्तू. खाली एकच ओळ : "वहिनी, यातलं खरंच काय लागतं ते सांग ना." फोनवर सांगायला बसले तर पाऊण तास गेला आणि आम्ही जेमतेम बाटल्यांपर्यंत आलो होतो. म्हणून आता लिहूनच काढतेय, तिच्यासाठी आणि जिच्या कुणाच्या घरी अशीच यादी फिरत असेल तिच्यासाठी.

माझी पात्रता एवढीच, की ही खरेदी मी दोनदा केली आहे. मोठी २०१९ च्या जानेवारीत झाली, धाकटा २०२४ च्या जुलैत. दोन्ही सिझेरियन, दोन्ही वेळा पुण्यातच. पहिल्या वेळी आम्ही दर शनिवारी दुकानात जायचो आणि पिशव्या भरून आणायचो. दुसऱ्या वेळी नवरा स्टूल घेऊन माळ्यावर चढला आणि मी खालून सांगत होते, "ते राहू दे. तेही राहू दे. ते काय आहे? अगं बाई, त्याचं तर प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

सगळ्यात मोठं खोकं कॉटचं. १३,५०० रुपये. मॉलमधल्या दुकानातल्या त्या गोड मुलाने आम्हाला पटवलं होतं, की बाळाला पहिल्या दिवसापासून स्वतःची जागा हवी. घरी आली तेव्हा दोन स्क्रू कमी होते आणि ते यायला तीन आठवडे लागले. तोवर लेक झाली होती. त्या कॉटमध्ये ती अकरा रात्री झोपली. पोटावर टाके असताना रात्री दोनला उठून, कठड्यावरून वाकून बाळ उचलायचं, हे दुकानात उभं राहून लक्षात येत नाही. मग माझ्या गादीला लागून तिची वेगळी, छोटी, कापसाची घट्ट भरलेली गादी आली आणि वर छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. मच्छरदाणीचे ३५० रुपये पडले होते. धाकट्याच्या वेळी तिच्या काड्या वाकल्या होत्या, तर नवीन घेतली. दुसऱ्यांदा मुद्दाम जाऊन घेतलेल्या ज्या मोजक्या वस्तू, त्यांत ही पहिली. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यू असतोच, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डास पळवणारं मलम लावायचं नसतं. मग जाळीशिवाय उरतं काय?

दुपटी. यादीत तिने ‘प्रीमियम मलमल स्वॅडल, तीनचा सेट’ लिहिलंय, १,२०० रुपये. अगं, आपल्या घरात आजींची सुती नऊवारी आहेत! एका नऊवारीची आठ दुपटी निघाली, कडा सासूबाईंनी मशीनवर दुमडून दिल्या. तीस वर्षं धुऊन जो मऊपणा येतो तो विकत मिळत नाही. नवीन मलमलही चांगलंच, पण आधी दहा वेळा धुवावं लागतं. ते वेल्क्रोवालं गुंडाळायचं पाकीट मात्र अजिबात घेऊ नका. रात्री महत्प्रयासाने झोपलेलं बाळ, आणि लंगोट बदलायला ते उघडलं की चर्रर्र! झालं, सगळं घर जागं. आणि कशातही गुंडाळा, हात आत घ्या, पण पाय मोकळे ठेवा. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा बजावलं, की पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्याला ते चांगलं नाही.

आता बाटल्या. मोठीच्या वेळी चार बाटल्या, बाटल्या धुवायचा ब्रश, बाटल्या वाळवायचं झाड आणि २,८०० रुपयांचा वाफेचा स्टरिलायझर, एवढा संसार आधीच आणून ठेवला होता. स्टरिलायझर अजून चालतो. मी त्यात स्वीटकॉर्न वाफवते.

धाकट्याला तिसऱ्या दिवशी कावीळ निघाली आणि त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त डायपर. त्या दिव्याखाली तो असा गाढ झोपायचा, की अंगावर घेतला तरी दोन घोट पिऊन परत मान टाकायचा. मी घाबरून बाटली काढायला लागले, तर सिस्टर म्हणाल्या, "बाटली नको ताई. वाटीत काढा आणि बोंडल्याने पाजा." दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई रुमालात गुंडाळून चांदीचं बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, घेऊन आल्या. माझ्या नवऱ्यालाही त्यानेच पाजलेलं. चोचीजवळ थोडं चेपलेलं, त्यामुळे धार किंचित डावीकडे जाते. सिस्टरनी दाखवलं : बाळ जरा उभट धरायचं, चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकवायची आणि ओतायचं नाही, नुसतं ओठाला दूध लागू द्यायचं. मग तो जीभ बाहेर काढून आपणहून ओढून घेतो. पहिल्या वेळी अर्धं दूध दुपट्यावर. संध्याकाळपर्यंत पंधरा मिलिलिटर, एक थेंब न सांडता. मी इतकी खूश झाले की नवऱ्याला व्हिडिओ पाठवला, आणि तो बाहेर पार्किंगमध्ये रडत बसला, असं तो अजून कबूल करत नाही.

चांदीचंच हवं असं काही नाही. स्टीलचं बोंडलं मेडिकलमध्ये शंभर-दीडशेला मिळतं आणि उकळायला पाच मिनिटं. बाटली लागलीच तर ती रात्री दहालाही मिळते, आधीपासून साठवून ठेवायची गरज नाही. आणि एक गोष्ट मला मोठ्या लेकीच्या जन्मानंतर कळली. दुधाची पावडर आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला, त्यांच्यावर सूट किंवा भेटवस्तू द्यायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक केला. आम्हाला एका दुकानाने ‘न्यूबॉर्न कॉम्बो’मध्ये बाटली फुकट म्हणून हातात ठेवली होती आणि आम्ही थँक यू म्हणालो होतो. ज्यांना पावडर द्यावी लागते त्यांना लागते, त्यात कमीपणा काही नाही, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

ब्रेस्ट पंप नोकरीवर परत जाताना लागतो. पहिल्या दोन मुलांना आपल्याला २६ आठवडे रजा असते, म्हणजे तो पाचव्या महिन्यात घेतला तरी चालतो. मी सातव्या महिन्यात, पोटात बाळ असताना घेतला. वॉरंटी खोक्यातच संपली.

लंगोट आणि डायपर हा आमच्या घरातला भारत-पाकिस्तान सामना. आईचं म्हणणं, फक्त सुती लंगोट. नवऱ्याचं म्हणणं, हे काय १९८५ आहे का. मोठी जानेवारीतली, तेव्हा आई जिंकली. तीस लंगोट, दोन तासांत कडक वाळायचे. धाकटा जुलैतला. बाल्कनीत, पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठीवर, देवघराच्या दाराला सोडून सगळीकडे लंगोटांची तोरणं, आणि तरी हाताला दमट. आई एकेक इस्त्रीने वाळवायची, आणि ती वाफ नाकात जायची ती अजून आठवते. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "रात्रीपुरतं ते तुमचं घाला बाई." तेव्हापासून दिवसा लंगोट, रात्री आणि दवाखान्यात जाताना डायपर. माझं मत विचाराल तर हाच तोडगा बरोबर आहे.

पण डायपर घेताना दोन गोष्टी. नवजात साइझचं मोठं पाकीट घेऊ नका. आम्ही ७२ चं घेतलं, दिवसाला दोनच जायचे, आणि पोरगं महिन्याभरात त्यातून बाहेर. ३१ डायपर बिल्डिंगमधल्या दुसऱ्या बाळंतिणीला दिले. आणि सुरुवातीला चड्डीसारखे नकोत, चिकटपट्टीवाले घ्या. नाळ पडेपर्यंत पुढची कड खाली दुमडता येते, आणि रात्री अर्धवट झोपेत दोन्ही पाय घालत बसावं लागत नाही. ते कापडी, आत घडी घालायचे, बटणांचे डायपर मी सहा घेतले होते, ३५० ला एक. चांगले आहेत, पण पावसाळ्यात आतली घडी वाळायला दोन दिवस. हिवाळ्यात बाळ झालं तर जरूर.

मेणकापडाच्या जागी आता ड्राय शीट मिळते. मेणकापडाने घाम यायचा, हिने येत नाही. तीन घ्या. फक्त इस्त्री लावू नका. मी लावली, तर खालचा थर सुरकुतून सुटला आणि पुढे ती गळायला लागली.

थर्मामीटर. २०० रुपयांचा, साधा, डिजिटल. कपाळासमोर धरायची बंदूक नको. दीड महिन्याचं इंजेक्शन झालं त्या रात्री धाकट्याचं अंग गरम लागत होतं. आईचा हात म्हणाला ताप, सासूबाईंचा हात म्हणाला तेवढं असतंच. थर्मामीटर म्हणाला ९९.४. तीन महिन्यांच्या आत १००.४ किंवा त्याच्या वर गेलं तर सरळ डॉक्टरकडे, हे आम्हाला सांगून ठेवलेलं. त्यामुळे त्या रात्री आम्ही रिक्षा शोधत फिरलो नाही, झोपलो. पन्नास वस्तूंत एवढ्या पैशात एवढी शांतता दुसऱ्या कुठल्या वस्तूने दिली नाही.

मोहरीच्या उशीवरून मात्र आईशी बोलाचाली झाली. डोकं गोल व्हायला हवं म्हणून तिने मला न विचारता शिवून आणली होती, निळ्या फुलांची. डॉक्टरांचं स्पष्ट होतं : पाठीवर, सपाट, डोक्याखाली काही नको, आजूबाजूला मऊ काही नको. आई दोन दिवस गप्प होती. मग तिनेच उशी उसवली, आणि अर्धा किलो मोहरी आम्ही दिवाळीपर्यंत फोडणीला वापरली. डोकं गोल झालं, पाठीवर झोपवताना डोक्याची बाजू बदलत राहिल्याने.

अंगाला लावायची पावडर नको, ती श्वासातून आत जाते. काजळ डोळ्यात नको, तीट हवी तर तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही निघत असावी. ग्राइप वॉटर, गुटी, मधाचं बोट, काही नाही. मध तर वर्षभर नाही. सासूबाईंनी मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, बाळहिरडा सगळं सहाणेसकट काढून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने फक्त आईचं दूध आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब. सहाण परत कपाटात गेली. हातमोजे नकोत, बाळ झोपल्यावर नखं कापा. बाबागाडी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना आणि खाली फुटपाथ नसताना काय करणार? आमची मॉलमध्ये चार वेळा फिरली. वाइप्स प्रवासात ठीक, घरी कापूस आणि कोमट पाणी.

गाडी असेल तर कार सीट घ्या. यावर आमच्याकडे सगळे हसले होते. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून हजार रुपये दंड आहे, पण दंड सोडा, एकदा अचानक ब्रेक लागला की मांडीवरचं बाळ हातात राहत नाही. महाग आहे, तरी जुनी घ्यायचीच असेल तर अपघात न झालेली, ओळखीच्यांचीच घ्या.

आणि यादीत जे नाहीच ते : अंघोळ घालणाऱ्या मावशी. आमच्या मावशी रोजचे ४०० घ्यायच्या, चाळीस दिवस. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळ नडग्यांवर पालथं. सोळा हजार झाले. कॉटपेक्षा जास्त. पण त्या माझीही पाठ चोळायच्या, आणि त्या अर्ध्या तासात मला कुणी काही विचारायचं नाही. फक्त पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की नाकाकानात तेल सोडायचं नाही आणि धुरी घ्यायची नाही. आमच्या मावशी आधी रुसल्या, मग म्हणाल्या, "आजकाल सगळ्याच डॉक्टर झाल्यात."

नणंदेसाठी पिशवी भरून ठेवली आहे. आठ दुपटी, झबली पुढून बांधायची, मच्छरदाणी, थर्मामीटर. बोंडलं सासूबाई स्वतः नेऊन देणार आहेत. वाइप्स गरम करायचं मशीन मात्र तिने मला विचारायच्या आधीच मागवलंय. परत करायची मुदत दहा दिवसांची, आज सातवा.