साल्साला तोतापुरी की अननस?

फळांचा साल्सा करायचा म्हटलं की पहिला हात हापूसकडेच जातो. माझाही गेला होता. देठाशी घमघमणारा, छान पिकलेला हापूस चिरला, कांदा, मिरची, कोथिंबीर घातली, लिंबू पिळलं. ढवळताना फोडी चमच्याला चिकटायला लागल्या आणि पाच मिनिटांत आमरसात कांदा पडल्यासारखं दिसू लागलं. हापूसचा तो वास कच्च्या कांद्यापुढे टिकलाच नाही. इतक्या महागाचा आंबा असा घालवू नका, तो तसाच कापून खा. साल्साला निवड करायची ती तोतापुरी आणि अननस यांच्यात.

स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे नुसतं सॉस. पण मेक्सिकोत टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर कच्चीच बारीक चिरून वर लिंबू पिळतात, त्याला ‘पिको दे गायो’ म्हणतात, म्हणजे कोंबड्याची चोच. फळांचा साल्सा याच घडणीचा, टोमॅटोच्या जागी फळ. आपल्या कोशिंबिरीच्या जवळचाच प्रकार, पण दही नाही, कूट नाही, फोडणी नाही. चव सावरून घ्यायला काहीच नसल्यामुळे सगळी भिस्त फळावर. बाकी साहित्य घरातलंच. तिकडे वापरतात ते छोटं लिंबू म्हणजे आपलंच कागदी लिंबू. हालापेन्यो मिरची मात्र आपल्या हिरव्या मिरचीपेक्षा बरीच सौम्य, म्हणून त्यांच्या कृतीत दोन लिहिल्या असतील तर आपल्याकडे एक पुरते, तीही बिया काढून.

तोतापुरी म्हणजे टोकाला पोपटाच्या चोचीसारखा वळलेला, गाडीवर तिखट-मीठ लावून मिळतो तो आंबा. पूर्ण पिकलेला नको. साल हिरवट-पिवळी, अंगठ्याने दाबलं तर जेमतेम दबणारी, अशा वेळी गर घट्ट आणि आंबटगोड असतो. एका बोटाच्या पेराहून लहान फोडी करा. ढवळल्या तरी त्यांच्या कडा शाबूत राहतात. दोन वाट्या फोडींना अर्धा कांदा, एक मिरची, मूठभर कोथिंबीर आणि अर्धं लिंबू. आंब्यातच आंबटपणा असतो, त्यामुळे लिंबू जपून. आपला लाल कांदा उग्र लागतो, तो चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि घट्ट पिळून घ्या. हा साल्सा फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीही चांगला राहतो, फक्त कोथिंबीर काळवंडते. म्हणून ती वाढताना घालावी.

तोतापुरीची अडचण एकच, मोसम संपला की ती मिळत नाही. अननस जवळजवळ बाराही महिने मिळतो, पण त्याची मेहनत जास्त. शिवाय तो झाडावरून काढल्यावर आणखी गोड होत नाही. चार दिवस घरात ठेवला तर मऊ पडेल, पण आंबट तो आंबटच. म्हणून घेताना बुडाचा वास घ्या. गोडसर वास नसेल तर तो फळवाल्याकडेच राहू द्या.

आंबट निघालाच तर माझा उपाय तव्याचा. बोटाएवढ्या जाड चकत्या करायच्या, मधला कडक दांडा काढायचा, लोखंडी तव्याला तेलाचा हात फिरवून दोन्ही बाजू तीन-चार मिनिटं भाजायच्या. आधी रस तडतडतो, मग तो आटतो, कडांवर तपकिरी डाग पडतात आणि घरभर साखर करपत आल्यासारखा वास सुटतो. चकत्या गार करून मगच चिरा, नाहीतर कोथिंबीर कोमेजते. भाजल्याने पाणी कमी होतं आणि आंबटपणाची धार बोथट होते. आणखी एक फायदा आहे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. जीभ चुरचुरते ती बरीचशी त्याच्यामुळे, आणि शेजारी दह्याचं डिप ठेवून दोन्ही एकत्र केले तर दही कडवट होतं तेही त्याच्यामुळेच. फोड आतपर्यंत चांगली तापली की त्याचा जोर जातो.

ताटात काय आहे त्यावरही ठरवा. मक्याच्या चिप्सबरोबर किंवा भाजलेल्या उडदाच्या पापडावर तोतापुरी, कारण फोड दाताखाली कुरकुरते. तळलेल्या बांगड्याबरोबर मात्र भाजलेला अननस. त्या तेलकट माशाला तो जसा पेलतो तसा आंबा पेलत नाही. पहिल्यांदाच करत असाल आणि दोन्ही मिळत असतील तर तोतापुरीच घ्या, चुकायला फारशी जागा नाही.

पपई लवकर लगदा होते. कलिंगड दिसतं सुरेख, पण अर्ध्या तासात पाण्यात पोहायला लागतं.

मीठ कोणत्याही फळाला सर्वांत शेवटी. एकदा मी तासभर आधी घालून ठेवलं होतं, तर वाटीच्या तळाशी बोटभर पाणी साठलं आणि वरच्या फोडी अळणी लागल्या. आता पाहुणे ताटावर बसले की पाव चमचा मीठ घालते, एकदाच हलवते आणि वाटी लगेच पुढे करते.