पक्षी दाखवण्याआधी घराची चौकशी करणारे दुकान

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पोपट आणायचे ठरले, तेव्हा आठवीतल्या मुलीच्या डोक्यात आफ्रिकन ग्रे होता, माझ्या डोळ्यांसमोर पिवळाधमक सन कॉन्यूर होता आणि सासूबाईंना त्यांच्या माहेरचा राघू आठवत होता, जो पूजेची घंटा ऐकली की ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत असे. घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या पक्ष्यांच्या दुकानात आम्ही तिघी गेलो आणि तिघींपैकी कोणीच मनात न आणलेला पक्षी घेऊन परतलो. या गोष्टीला आता आठ महिने झाले आहेत. दुकानाविषयी काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे त्याचे नाव देत नाही. पण बडोद्यात पक्षी पाळू इच्छिणाऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडेल, असे वाटते.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे, आणि आत शिरताच राळ्याच्या कोंड्याचा वास येतो. दुकानदार काकांनी एकही पक्षी हातात घेतला नाही. ‘बेन, आधी घर सांगा, मग पक्षी बघू,’ असे म्हणून त्यांनी आम्हाला बाकावर बसवले आणि पंधरा-वीस मिनिटे प्रश्न विचारले. दिवसा घरी कोण असते, शेजाऱ्यांची भिंत सामाईक आहे का, पंखा किती उंचीवर आहे, घरात मांजर आहे का, कोणाला दमा आहे का, आणि स्वयंपाकात नॉनस्टिक तवा वापरता का? शेवटच्या प्रश्नाने मी गोंधळले. तेव्हा त्यांनी सांगितले, की असा तवा गॅसवर रिकामा राहून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवण्याआधीच पक्ष्याचा जीव घेतो. आमच्याकडे असे दोन तवे होते. ते आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकले, आणि बिडाच्या तव्यावरच्या भाकरीला आता कोणाची हरकत नाही.

सासूबाईंच्या राघूचा विषय त्यांनी आदराने, पण ठामपणे मिटवला. ‘आजी, तो काळ वेगळा होता. १९७२ च्या कायद्याने आपला देशी पोपट वन्यप्राणी ठरला आहे. तो विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे, दोन्ही गुन्हा आहे. कोणी पहाडी पोपट आणून देतो म्हणाला, तरी घेऊ नका.’ घरट्यातून काढलेली पिल्ले गुपचूप विकणारे आजही भेटतात, म्हणून एका दुकानदाराने हे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगावे, याचे मला फार मोल वाटले. सासूबाई संध्याकाळी गच्चीवर बसून पिंपळावर उतरणारे राघूंचे थवे पाहतात आणि कमाटीबागेत गेल्या की त्यांचा आवाज लांबून ओळखतात. त्यांच्यापुरती ती हौस तिथेच भागते.

आफ्रिकन ग्रेविषयी मुलीने बऱ्याच चित्रफिती पाहिल्या होत्या. तो बुद्धिमान आहे, शब्द नेमके उचलतो, हे सारे काकांनी मान्य केले. मग त्यांनी तिलाच विचारले, ‘शाळा, शिकवणी आणि अभ्यास धरून तू त्याला रोज किती वेळ देशील?’ तिचे उत्तर अर्धा तास असे होते. हा पक्षी चाळीस वर्षे सहज जगू शकतो, आणि सोबत मिळाली नाही तर कंटाळून स्वतःचीच पिसे उपटतो. शिवाय २०१६ च्या निर्णयाने तो साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात गेला असल्याने त्याची कागदपत्रे आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी याबाबत अजिबात ढिलाई चालत नाही. आमच्या घरापुरते निर्णायक कारण मात्र वेगळेच निघाले. ग्रे, काकाकुवा आणि कॉकाटील यांच्या अंगावरून पिठासारखी बारीक भुकटी सतत झडते, आणि सासूबाईंना दमा आहे. दमा असल्याचे कळल्यावर काकांनी कॉकाटीलचा पिंजरा दाखवलासुद्धा नाही, जरी तेव्हा त्यांच्याकडे विकायला सहा जोड्या होत्या.

सन कॉन्यूरचा आवाज त्यांनी आम्हाला तिथेच ऐकवला. पिंजऱ्यावरचे फडके बाजूला करताच त्या वीतभर पक्ष्याने असा चीत्कार केला, की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. आमच्या जुन्या घराच्या दोन्ही भिंती सामाईक आहेत आणि शेजारी तान्हे मूल आहे, तेव्हा माझी हौस तिथेच संपली. ग्रीन चीक कॉन्यूर त्या मानाने शांत असतो आणि माणसाला चिकटतो. पण त्यालाही रोज दोन-तीन तास पिंजऱ्याबाहेर वावर आणि कोणाची तरी सोबत हवी असते, आणि त्याची नोंदणीही करावी लागते.

राहिली ती बजरीगार. आपल्याकडे बहुतेक लोक हिलाच लव्हबर्ड म्हणतात. मीही त्या दिवसापर्यंत म्हणत होते. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि जोरात चावणारा. बजरीगार ऑस्ट्रेलियातली; तिची शेपटी लांब, आवाज बारीक चिवचिवाटाचा, भुकटी फार थोडी आणि आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षांचे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण पक नावाच्या एका बजरीगाराचा १,७२८ शब्दांचा विक्रम गिनेस बुकात नोंदलेला आहे. काकांनी एक पिल्लू मुठीत धरून मुलीला त्याचे कपाळ दाखवले. पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या बारीक रेघा असतात आणि पहिला पिसारा झडल्यावर तिथला रंग स्वच्छ होतो. म्हणून रेघा असलेले पिल्लू घ्यावे, ते हाताला लवकर सरावते. वयात आल्यावर चोचीवरची गादी बहुधा नराची निळी आणि मादीची तपकिरी होते. नाकपुड्या कोरड्या आहेत का, शेपटीखालची पिसे स्वच्छ आहेत का, श्वासागणिक शेपूट हलते का, हे सारे त्यांनी तिच्याकडूनच तपासून घेतले. एक हिरवे आणि एक निळे, अशी दोन पिल्ले आम्ही आठशे रुपयांना घेतली.

आता तक्रारी. एवढी जाण असलेल्या माणसाने पुढे केलेला पिंजरा गोल, घुमटाचा आणि वीतभर रुंद होता. बजरीगार सरळ आडवी उडते. तिला लांबट चौकोनी पिंजरा हवा आणि गजांमधले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. आम्ही अडीच फूट लांबीचा पिंजरा दुसरीकडून आणला, आणि आपणही पिंजरा इथून घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. दुसरी गोष्ट खाद्याची. दुकानातले सारे पक्षी केवळ राळ्यावर, ज्याला इथे कांग म्हणतात, वाढवलेले आहेत. नुसत्या दाण्यावर पक्षी लठ्ठ होतो आणि त्याला अ जीवनसत्त्व कमी पडते. आमच्या पिल्लांना शेवग्याचा पाला आणि किसलेले गाजर हे खाणे आहे, एवढे पटायला तीन आठवडे लागले. शेवटी ओला पाला गजाला टांगल्यावर निळ्याने तो आधी अंघोळीसाठी वापरला आणि मग खाल्ला.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. डिसेंबरमध्ये हिरवा पिसे फुगवून बसू लागला, तेव्हा दुकानातून पाण्यात घालायची एक पिवळी पूड मिळाली, जी प्रतिजैविक होती. आजार न तपासता, वजन न करता असे औषध देणे चूक आहे. मी ती वापरली नाही. पक्षी तपासणाऱ्या पशुवैद्यांनी विष्ठा तपासून जंतांचे निदान केले आणि मोजून दिलेल्या थेंबांनी तो बरा झाला. हे काकांना सांगितले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, पण पूड अजूनही काउंटरवर दिसते.

विक्रीनंतर मात्र ते फोन टाळत नाहीत. नवरात्रात आमच्या रस्त्यावर गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो आणि पक्ष्याला दहा-बारा तासांची झोप लागते. तेव्हा पिंजरा मागच्या खोलीत नेऊन तीन बाजूंनी सुती कापड टाका, एक बाजू हवेसाठी उघडी ठेवा, हे त्यांनीच आदल्या दिवशी आठवणीने कळवले. उत्तरायणाच्या पतंगबाजीत खिडक्या बंद ठेवायलाही त्यांनीच सांगितले.

जायचे झाल्यास रविवार टाळावा, कारण तेव्हा गर्दीत त्यांचे प्रश्न आटोपते होतात. सकाळी दहाच्या सुमारास पक्षी खात असतात आणि आजारी पक्षी तेव्हा चटकन ओळखू येतो. पावती मागावी लागते, मागितल्यावर देतात. मुलीने आता ग्रीन चीकचा हट्ट धरला आहे. काकांनी तिला दहावीची परीक्षा झाल्यावर ये, असे सांगितले आहे, आणि तोवर निळ्याला बोटावर बसायला शिकव, अशी अटही घातली आहे. गेल्या आठवड्यापासून तो बसू लागला आहे.