नाव सोनूबाई: २४/१९२ च्या लेबलाखाली विकली जाणारी सीडी

डॅकच्या (डिजिटल फाइलचं ध्वनीत रूपांतर करणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर १९२ किलोहर्ट्झ दिसतं, प्लेअर २४ बिट दाखवतो, आवाज स्वच्छ येतो, आणि तरीही विकत घेतलेल्या फाइलमध्ये सीडीपेक्षा कणभरही जास्त काही नसतं. हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या म्हणवल्या जाणाऱ्या डाउनलोडमधली नेहमीची फसवणूक ती हीच. ती कानाला पकडता येत नाही, कारण फाइल बिघडलेली नसतेच. सीडीचा आवाज मुळात चांगला असतो. फक्त नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, आणि वाळ्याचे पैसे सोन्याच्या भावाने घेतलेले.

डॅक आणि प्लेअर जो आकडा दाखवतात तो फाइलच्या हेडरमधून, म्हणजे सुरुवातीच्या माहितीतून येतो. तो डब्याचा आकार सांगतो, डब्यातला माल नाही. सीडीचा हिशेब ४४.१ किलोहर्ट्झ (सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने), १६ बिट (बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नमुन्याची बारकाई), दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट, मिनिटाला साधारण १०.६ एमबी. २४/१९२ मध्ये हेच ९२१६ किलोबिट आणि ६९ एमबी होतं. ही साडेसहा पट जागा सॅम्पल रेट कन्व्हर्टर काही मिनिटांत भरून देतो, आणि त्यातून नवीन माहिती शून्य तयार होते. फाइलमध्ये सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचाच ध्वनी मावतो, म्हणून ४४.१ च्या फाइलमध्ये २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काहीही साठवता येत नाही. जे मुळात नोंदलंच गेलं नाही ते नंतर कुठून येणार?

पहिली चाळणी पैसे भरण्याआधीच लावायची. अल्बम कधी आणि कशावर ध्वनिमुद्रित झाला ते शोधा. १९८० च्या दशकातली बरीच डिजिटल मास्टर (ज्यांवरून प्रती काढतात ती अंतिम ध्वनिमुद्रणं) सोनीच्या पीसीएम-१६१० आणि १६३० या यंत्रांवर झाली. ती १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची. साउंडस्ट्रीमचं यंत्र १६ बिट आणि ५० किलोहर्ट्झवर चालायचं, म्हणजे वरची हद्द २५ किलोहर्ट्झ. डेनॉनचं १९७२ चं यंत्र १३ बिटचं होतं. नंतर आलेलं डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. यांपैकी कशावरही झालेला अल्बम कोणी ‘२४/१९२, मूळ मास्टरवरून’ म्हणून विकत असेल, तर ते लेबल खोटं आहे. फाइल उघडून बघायचीही गरज नाही.

हे शोधायला जुन्या सीडीच्या पाठीवरची तीन अक्षरं उपयोगी पडतात: एएडी, एडीडी, डीडीडी. पहिलं अक्षर ध्वनिमुद्रणाचं, दुसरं मिक्सिंगचं, तिसरं मास्टरचं. ए म्हणजे अॅनालॉग, डी म्हणजे डिजिटल. एएडी असेल तर मूळ टेप अॅनालॉग आहे आणि तिच्यावरून नव्याने २४/९६ किंवा २४/१९२ हस्तांतर करणं शक्य आणि प्रामाणिक आहे. १९८० च्या दशकातली डीडीडी असेल तर सीडीच घ्या आणि उरलेले पैसे वाचवा. एडीडीमध्ये मल्टिट्रॅक टेप (वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक असलेली) अॅनालॉग असते पण मिक्स डिजिटल झालेला असतो. नवा मिक्स केलाय असं विक्रेता स्पष्ट सांगत नसेल तर तोही अल्बम १६ बिटचाच धरून चाला.

‘हाय-रेझ’ या शिक्क्यावर विसंबू नका. जून २०१४ मध्ये अमेरिकेतल्या उद्योगसंस्थांनी आणि रेकॉर्डिंग अकॅडमीने मोठ्या लेबलांबरोबर मिळून त्याची व्याख्या केली आणि उगमानुसार चार खुणा ठरवल्या: पीसीएम (सीडीसारखी नमुन्यांची नेहमीची पद्धत) मास्टरसाठी एमक्यू-पी, अॅनालॉगसाठी एमक्यू-ए, डीएसडीसाठी (एका बिटच्या निराळ्या डिजिटल पद्धतीसाठी) एमक्यू-डी, आणि चौथी एमक्यू-सी, म्हणजे ४४.१/१६ च्या सीडी मास्टरवरून केलेली फाइल. सीडीवरून केलेल्या फाइलला व्याख्येतच जागा ठेवली आहे, आणि ही खूण छापण्याचं बंधन विक्रेत्यावर नाही.

दुसरा नियम: पूर्ण अल्बम कधीच पहिल्या फटक्यात घ्यायचा नाही. एक गाणं घ्या, तेही सिंबल्स, ब्रास किंवा जोरकस तालवाद्य असलेलं. एकट्या गळ्याचं किंवा बासरीचं शांत ध्वनिमुद्रण तपासणीला निरुपयोगी, कारण त्यात २० किलोहर्ट्झच्या वर मुळातच फार काही नसतं.

फाइल उतरवल्यावर तिला हात न लावता स्पेक या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. गाण्यात कोणत्या क्षणी किती किलोहर्ट्झपर्यंत ध्वनी आहे याचा रंगीत आलेख तो काढतो. आलेखाची वरची कड सॅम्पल रेटच्या निम्म्यावर असते: ९६ च्या फाइलला ४८, १९२ च्या फाइलला ९६ किलोहर्ट्झ. तळाची मर्यादा सुरुवातीला उणे १२० डेसिबल असते, ती उणे १४० पर्यंत न्या. नाहीतर बारीक गोंगाट दिसत नाही आणि चांगल्या फाइलवरही आळ येतो. खऱ्या हाय-रेझ फाइलमध्ये रंगाची वरची कड ओबडधोबड असते. सिंबल वाजली की रंगाचा सुळका ३०-४० किलोहर्ट्झपर्यंत चढतो आणि लगेच ओसरतो. फुगवलेल्या फाइलमध्ये २२ च्या आसपास पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ असते. संगीत मोठं असो वा हळू, ती हलत नाही आणि तिच्यावर सगळं काळं. रेघ २४ वर असेल तर उगम ४८ किलोहर्ट्झचा. १६ वर रेघ आणि तिच्या वर तुटक ठिगळं असतील, किंवा २० ला एकदम सगळं संपत असेल, तर बहुतेक एमपी३ वरून फ्लॅक (काहीही न गमावता फाइल लहान करणारा फॉरमॅट) बनवलंय. यासारखी लबाडी दुसरी नाही, कारण इथे सीडीइतकंही हातात पडत नाही. आणि २२ च्या वर खालच्याच चित्राचं उलटं प्रतिबिंब दिसलं, तर कोणीतरी निकृष्ट कन्व्हर्टर वापरून फाइल फुगवली आहे.

बिट डेप्थ आलेखात दिसत नाही, ती वेगळी तपासावी लागते. सॉक्स या प्रोग्रॅममधला ‘स्टॅट्स’ पर्याय प्रत्यक्ष वापरलेल्या बिटचा आकडा देतो. २४ बिटच्या फाइलला तिथे १६ आला, तर खालचे आठ बिट नुसते शून्य आहेत. प्रोग्रॅम न चालवताही अंदाज येतो. खऱ्या २४ बिट ध्वनिमुद्रणाच्या खालच्या आठ बिटमध्ये गोंगाट असतो, आणि फ्लॅकला गोंगाट लहान करून साठवता येत नाही. ४४.१ किलोहर्ट्झला हे आठ बिट सेकंदाला ८ × ४४,१०० × २, म्हणजे सुमारे ७०५ किलोबिट वाढवतात. सीडीवरून केलेला फ्लॅक सरासरी ८५० किलोबिटचा असेल, तर त्याच मास्टरचा खरा २४/४४.१ फ्लॅक १५०० च्या आसपास यायला हवा. तोही ८५०-९०० च राहिला, तर फ्लॅकने ती शून्यं ओळखून बाजूला काढली असा अर्थ. मात्र विक्रेत्याने आवाजाची पातळी अर्धा डेसिबल जरी बदलली किंवा डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट) घातला, तरी आठही बिट भरलेले दिसतात आणि ही चाचणी चकते. म्हणून आकडा १६ आला तर फसवणूक पक्की. २४ आला तर निर्दोष सुटका नाही.

आलेख वाचताना घाई केली तर निरपराध फाइलवरही आरोप होतो. खूप पॉप संगीत स्टुडिओतच २४/४४.१ किंवा २४/४८ मध्ये होतं. ते त्याच आकड्यांनी विकलं तर त्यात काहीच चूक नाही. एखाद्या ९६ च्या अल्बममध्ये गायकाचा आवाज ३० च्या वर जातो आणि ड्रम २२ ला थांबतात, कारण ड्रमचे सॅम्पल ४४.१ च्या संग्रहातले असतात. वरच्या भागात एकाच उंचीवर सरळ चालणारी बारीक रेघ ही बहुधा वीजपुरवठ्याची किंवा पडद्याची शीळ असते; ती संगीत नव्हे, पण फसवणुकीचा पुरावाही नव्हे.

उलट दिशेनेही चकवा आहे, आणि तो जास्त वाईट. ४४.१ चं डिजिटल मास्टर अॅनालॉग उपकरणांतून फिरवून पुन्हा ९६ ला नोंदवलं, तर २२ च्या वर उपकरणांचा गोंगाट एकसारखा पसरतो आणि आलेख भरलेला दिसतो. अशा वेळी फक्त सिंबलचे सुळके बघा. ते सगळे एकाच उंचीवर कापले जात असतील आणि वरचा गोंगाट संगीताबरोबर अजिबात हलत नसेल, तर उगम ४४.१ च आहे. अपसॅम्पल केल्यावर, म्हणजे सॅम्पल रेट वाढवल्यावर, सॅच्युरेशनचा (मुद्दाम विकृती घालणारा) प्लगइन लावला तर नव्या हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या लहरी) तयार होतात आणि सुळकेसुद्धा खरे वाटतात. इथे आलेख हरतो. फक्त उगमाची माहिती कामाला येते.

डीएसडीचं गणित निराळं. डीएसडी६४ चा दर २.८२२४ मेगाहर्ट्झ, बिट एकच, आणि त्याचा गोंगाट साधारण २५ किलोहर्ट्झपासून वर चढत जातो. एसएसीडीवरून (डीएसडी साठवणाऱ्या सुपर ऑडिओ सीडीवरून) केलेल्या पीसीएम फाइलमध्ये हा धुक्यासारखा चढ दिसणारच. पण त्या धुक्याच्या खाली २२ ला रेघ आणि मग थोडी काळी पट्टी दिसली, तर सीडीच्या पीसीएमलाच डीएसडीचं रूप दिलंय. ‘शुद्ध डीएसडी’ या दाव्याबद्दलही विचारणा करा. एका बिटच्या प्रवाहावर मिक्सिंग करता येत नाही, म्हणून बहुतेक संकलन ३५२.८ किलोहर्ट्झच्या डीएक्सडीमध्ये, म्हणजे पीसीएममध्येच होतं.

आता सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट. फाइल खरीखुरी २४/९६ असते, आलेख निर्दोष असतो, आणि तरी जुनी सीडी तिच्यापेक्षा चांगली वाजते, कारण नव्या मास्टरमध्ये लिमिटर (आवाजाची शिखरं कापून धरणारं साधन) लावून सगळं मोठ्या आवाजात दाबलेलं असतं. सीडीच्या १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलची जागा असते. दाबलेल्या मास्टरला त्यातलीही बरीच लागत नाही, मग २४ बिटचा उपयोग काय? फूबार या प्लेअरमधल्या डीआर मीटरने, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर मोजणाऱ्या साधनाने, दोन्ही मोजा. जुन्या सीडीला १३ आणि नव्या फाइलला ७ आला, तर पैसे नुकसानीसाठी दिले. दोन्ही मास्टर एकच आहे का हे पाहायचं असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये हाय-रेझ फाइल ४४.१ ला उतरवा, पातळी जुळवा, सीडीच्या गाण्याशी सॅम्पलच्या अचूकतेने जुळवून ठेवा, एक ट्रॅक इन्व्हर्ट करा (त्याच्या लहरी उलट्या करा) आणि दोन्ही मिक्स करा. उरला नुसता बारीक गोंगाट, तर मास्टर एकच. गाणं ऐकू येत राहिलं तर मास्टर निराळं, किंवा जुळवणी एखाद्या सॅम्पलने चुकली. आधी जुळवणी तपासा.

तक्रार करताना ‘आवाज हलका वाटतो’ असं लिहू नका. त्याला उत्तर देणं विक्रेत्याला फार सोपं असतं. पावती, मूळ झिप, स्पेकचं पूर्ण गाण्याचं चित्र, त्याच गाण्याच्या सीडीचं चित्र आणि बिटचा आकडा एकत्र पाठवा, आणि लेखी विचारा: मूळ ध्वनिमुद्रणाचा सॅम्पल रेट आणि बिट डेप्थ काय, हस्तांतर कोणत्या टेपवरून? बहुतेक वेळा उत्तर येतं की लेबलने फाइल अशीच दिली. ते खरंही असू शकतं, कारण फुगवणूक अनेकदा वितरकाच्या किंवा लेबलच्या टप्प्यावर होते. पण २४/१९२ म्हणून पैसे दुकानाने घेतले, म्हणून परतावा दुकानाकडेच मागायचा आणि लेबलकडे चौकशीही त्यालाच करायला लावायची. डिजिटल मालावर परताव्याच्या अटी कडक असतात, म्हणून त्या खरेदीआधी वाचा आणि तपासणी उतरवल्याच्या दिवशीच उरका. तोपर्यंत फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलू नका, टॅगही लिहू नका. बदललेली फाइल दाखवली की दोष तुमच्या कन्व्हर्टरवर ढकलला जातो.