चार संध्याकाळी पहिल्या चार्ल्ससोबत

कोल्हापुरातील राजारामपुरीत एका सभागृहात इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्यावर झालेली चार दिवसांची सशुल्क व्याख्यानमाला मी पूर्ण ऐकली. शुल्क ४०० रुपये होते. दुसऱ्या दिवसाखातर ते मी पुन्हा भरीन. तिसऱ्या दिवसाचे पैसे मात्र आयोजकांनी परत केले असते, तर मी नाही म्हटले नसते.

पहिला दिवस बेताचाच झाला. १६०० साली स्कॉटलंडमध्ये जन्म, थोरला भाऊ हेन्री १६१२ मध्ये वारल्याने वाट्याला आलेले युवराजपद, १६२५ मध्ये राज्यारोहण आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या कॅथलिक राजकन्येशी विवाह, एवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाले असते.

रंग भरला तो दुसऱ्या संध्याकाळी. १६२९ साली चार्ल्सने पार्लमेंट बरखास्त केले आणि पुढची अकरा वर्षे ते बोलावलेच नाही. परंतु पार्लमेंटच्या संमतीवाचून नवा कर बसवणे अवघड असल्याने, किनाऱ्यावरील गावांकडून आरमारासाठी घेतली जाणारी जुनी जहाजपट्टी त्याने १६३५ मध्ये समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही लादली. रत्नागिरीच्या बंदरासाठी कोल्हापूरकरांचा घरफाळा वाढवावा तसे हे झाले, असे वक्त्यांनी म्हणताच सभागृहात खसखस पिकली. जॉन हॅम्पडन या जमीनदाराने वीस शिलिंगांची आकारणी भरण्यास नकार दिला, तेव्हा बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने आणि पाच विरुद्ध गेले; एवढ्या निसटत्या निकालाने राजाचाच वचक कसा कमी झाला, हे वक्त्यांनी घाई न करता उलगडले. पुढे स्कॉटलंडशी युद्ध ओढवले, पैसा संपला आणि १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावेच लागले. ४ जानेवारी १६४२ रोजी सशस्त्र शिपाई दाराशी उभे करून राजा पाच सभासदांना पकडण्यास कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात, शिरला, परंतु ते आधीच निसटले होते. सभापती लेन्थॉलने गुडघे टेकून सांगितले की, सभागृहाच्या आज्ञेवाचून मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही.

तिसऱ्या दिवशी पहिली चाळीस मिनिटे शाल-श्रीफळात गेली. उरलेल्या वेळात राजा आणि पार्लमेंट यांच्यात पेटलेल्या यादवी युद्धातील एजहिल, मार्स्टन मूर, नेझबी या लढायांची नावे एसटीच्या थांब्यांसारखी मागे पडत गेली, आणि वाटलेल्या नकाशाची छपाई इतकी पुसट होती की नद्या आणि रस्ते यांत फरक कळेना. खरी चुटपुट वेगळीच आहे. १६४५ मध्ये नेझबीनंतर राजाची खासगी पत्रे पार्लमेंटच्या हाती लागली आणि छापली गेली. त्यांतून परकीय मदत मिळवण्याची त्याची खटपट उघडी पडली. चार्ल्सच्या शब्दावर कोणी विश्वास का ठेवेना, याचे उत्तर या पत्रांत असताना त्यांचा उल्लेखही झाला नाही.

चौथ्या दिवशी वक्ते पुन्हा सावरले. युद्ध हरलेल्या राजावर जानेवारी १६४९ मध्ये चाललेल्या खटल्यात त्याच्या काठीची चांदीची मूठ खाली पडली आणि ती उचलण्यास कोणीही पुढे झाले नाही, हे सांगताना त्यांनी हातातला खडू सोडून दिला. पहिल्या रांगेतील मुलगा वाकताच ते ‘राहू दे’ म्हणाले, आणि व्याख्यान संपेपर्यंत खडू तिथेच होता. राजाच्या देहदंडाच्या आज्ञापत्रावर ५९ सह्या झाल्या. ३० जानेवारीला, थंडीने अंग कापले तर लोकांना ती भीती वाटेल म्हणून, राजा दोन सदरे घालून वधस्तंभाकडे गेला.

मालेचे पुन्हा आयोजन झाल्यास पहिल्या तीन रांगांत जागा धरावी. मागे पंख्यांच्या घरघरीत वाक्यांची शेवटची शेपटी ऐकू येत नाही.