डिझेल ट्रकचा इंधनदाब कशावर बघावा: काट्याचं गेज, सेन्सरचं गेज की स्कॅनर?

चढावर ट्रक खेचत नाही, स्कॅनर लावला की पी००८७ म्हणजे रेलमधला (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतला) दाब कमी असल्याचा कोड येतो, आणि लगेच हाय-प्रेशर पंप नाहीतर इंजेक्टर उतरवायची भाषा सुरू होते. तो कोड एवढंच सांगतो की ईसीएमने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, मागितला तेवढा दाब रेलमध्ये झाला नाही. फिल्टर चोंदलेला असो, नळीने हवा धरलेली असो की टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा फीड पंप थकलेला असो, कोड तोच येतो. म्हणून गेज घ्यायचं की स्कॅनर हे ठरवण्याआधी कुठला दाब बघायचाय ते ठरवावं.

दोन बाजू, दोन वेगळे दाब

टाकी, तिच्यातली जाळी, वॉटर सेपरेटर, फीड पंप, मुख्य फिल्टर आणि तिथून हाय-प्रेशर पंपाच्या तोंडापर्यंतची नळी ही झाली लो-प्रेशर बाजू. इथला दाब थोड्याच बारचा असतो. पुढे कॉमन रेलमध्ये आयडलला साधारण ३०० ते ४०० बार आणि पूर्ण लोडवर १६०० ते २००० बार असतो, काही इंजिनांत त्याहूनही जास्त. रेलवर बाहेरचं गेज लावायचा विचारही करू नये. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. तिथला दाब रेलच्या सेन्सरमार्फत स्कॅनरवरच बघायचा. उलट लो-प्रेशर बाजूला अनेक ट्रकमध्ये सेन्सरच नसतो, तिथे स्कॅनर आंधळा.

योग्य आकडा इंजिनागणिक बदलतो. फोर्डच्या ६.० लिटर पॉवरस्ट्रोकला पूर्ण लोडवरही ४५ पीएसआय (३.१ बार) लागतातच. १९९८ ते २००२ या काळातल्या २४ व्हॉल्व्हच्या ५.९ लिटर कमिन्सचा व्हीपी४४ पंप डिझेलनेच थंड होतो आणि वंगणही डिझेलचंच घेतो. तिथे १० पीएसआयच्या खाली जाऊ देऊ नये असं जाणकार मानतात. तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकचा आकडा उपयोगाचा नाही, आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरावा. हिशेबासाठी १ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल.

काट्याचं यांत्रिक गेज

वीज नको, वायरिंग नको, आणि दाखवलेल्या आकड्यावर शंका घ्यायची वेळ क्वचितच येते. तपासणीसाठी याला तोड नाही. ग्लिसरीन भरलेलं घ्यावं, म्हणजे काटा कमी थरथरतो. रेंज निवडताना नेहमीचा दाब डायलच्या मधल्या भागात येईल असं बघावं: ४ बारसाठी ० ते १० बारचं ठीक, पण पाऊण-एक बारवर चालणाऱ्या सिस्टिमला ० ते २ बारचंच हवं. १० बारच्या डायलवर ०.२ बारची घसरण डोळ्याला दिसतच नाही.

अडचण अशी की गेजपर्यंत डिझेल भरलेली नळी न्यावी लागते. ती केबिनमध्ये आणू नये. फुटली तर गरम इंजिनाशेजारी आणि चालकाच्या पायाशी डिझेल. गेज काचेबाहेर बॉनेटच्या कडेला बसवावं, किंवा मध्ये पडदा असलेला आयसोलेटर घालावा, म्हणजे केबिनच्या बाजूच्या नळीत फक्त कूलंट राहतं. फीड पंप पिस्टनचा असेल तर प्रत्येक ठोक्याला काटा नाचतो आणि गेजची आतली यंत्रणा झिजते. त्यासाठी गेजच्या आधी बारीक नीडल व्हॉल्व्ह बसवून काटा स्थिरावेपर्यंत तो आवळतात. मात्र पूर्ण बंद झाला तर काटा शेवटच्या आकड्यावर अडकून राहतो आणि पंप मेला तरी सगळं ठीक दिसतं. इंजिन बंद केल्यावर काटा खाली येतो ना, हे बघून घ्यावं.

सेन्सर आणि केबिनमधलं गेज

रोज लोड ओढणाऱ्या ट्रकसाठी आमची पसंती याला. केबिनमध्ये फक्त वायर येते, आणि दाब ठरावीक आकड्याखाली गेला की दिवा किंवा बझर लावता येतो. चढावर चालकाची नजर रस्त्यावर असते, काट्यावर नाही, त्यामुळे बझर असलेलंच घ्यावं.

तीन वायरचे बरेचसे सेन्सर ५ व्होल्टवर चालतात आणि शून्य दाबाला ०.५, तर पूर्ण रेंजला ४.५ व्होल्ट देतात. १०० पीएसआयच्या सेन्सरवर २.५ व्होल्ट म्हणजे ५० पीएसआय. गेजवर शंका आली तर मल्टिमीटर लावून सेन्सर खोटं बोलतोय की डायल, हे दोन मिनिटांत कळतं. एक वायरच्या सेन्सरला अर्थिंग (ग्राउंड) त्याच्या अंगातूनच मिळतं. आट्यांवर जाड टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थिंग तुटतं आणि काटा मनाला येईल तसा फिरतो. टेपचे तुकडे पंपात आणि इंजेक्टरमध्येही जातात. त्यापेक्षा डिझेलला टिकणारं लिक्विड थ्रेड सीलंट लावावं, पहिले दोन आटे कोरडे सोडून.

सेन्सर थेट इंजिनावर बसवणं ही यातली नेहमीची चूक. कंपन आणि दाबाचे ठोके त्याला लवकर मारतात. वीतभर-हातभर डिझेलची रबरी नळी देऊन तो चॅसिसवर किंवा फायरवॉलवर बांधावा.

स्कॅनर

इथे बघायचे आकडे दोन: मागितलेला रेल दाब आणि प्रत्यक्षातला रेल दाब. लोडवर दोन्ही सोबत चढले तर रेल बरी. प्रत्यक्ष दाब मागे पडत गेला तर तूट आहे, आणि वर-खाली हेलकावे खात असेल तर हवा किंवा अडखळणारा मीटरिंग व्हॉल्व्ह (हाय-प्रेशर पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) यांचा संशय घ्यावा. इंजिन बंद, चावी चालू, ट्रक तासभर उभा असताना रेल दाब जवळपास शून्य दिसायला हवा. शेकडो बार दिसत असतील तर आधी सेन्सर आणि वायरिंग तपासावं. सेल्फ मारताना दाब २०० बारच्या आसपासही पोचत नसेल तर अनेक इंजिनं सुरूच होत नाहीत.

जे१९३९ या डेटा नेटवर्कच्या जड ट्रकमध्ये प्रत्येक मापाला एसपीएन नावाचा ठरलेला क्रमांक असतो: एसपीएन १५७ हा रेल दाब आणि एसपीएन ९४ हा पुरवठ्याचा दाब. दुसरा मिळाला तर नशीब म्हणायचं, मात्र तो ४ किलोपास्कलच्या पायऱ्यांनी आणि सेकंदाला दोनदाच येतो. क्षणिक घसरण निसटू शकते.

डॅशवरचा लो-प्रेशर दिवा नसल्यापेक्षा बरा, एवढंच. तो पेटतो तेव्हा दाब आधीच पडलेला असतो, आणि हळूहळू चोंदणारा फिल्टर त्याला दिसत नाही.

टोचण कुठे द्यायची

टोचण म्हणजे गेज किंवा सेन्सर जोडायची जागा. गेज कुठलंही घ्या, ही जागा चुकली तर पैसे वाया. आकडा हवा तो शेवटच्या फिल्टरनंतर, हाय-प्रेशर पंपाच्या आधी. तिथल्या बॅन्जो बोल्टऐवजी (नळी जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) डोक्यात आटे पाडलेला बॅन्जो बोल्ट लावला की नळी कापावी लागत नाही. दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि मग हवा काढावी. फिल्टरच्या आधी दुसरी टोचण ठेवली तर निदान फार सोपं होतं: आधी दाब भरपूर आणि नंतर कमी, तर फिल्टर. दोन्हीकडे कमी, तर पंप किंवा त्याच्या मागचा भाग.

मोजमाप लोडवरच करावं, वरच्या गिअरमध्ये चढावर, पूर्ण रेसवर. आयडलला अर्धा चोंदलेला फिल्टरही छान आकडा दाखवतो. लोडवर दाब पडत असेल तर सर्वांत स्वस्त तपासणी आधी: टाकीचं झाकण सैल करून पुन्हा चालवून बघा. सुधारला तर व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येण्याचं भोक, बंद आहे. नाही सुधारला तर वॉटर सेपरेटरची ओ-रिंग, हँड प्रायमर आणि नळ्यांचे जोड बघा. शोषणाच्या बाजूची गळती बाहेर थेंब टाकत नाही, हवा आत ओढते. पंपाआधी पारदर्शक नळी घातली की बुडबुडे दिसतात. तरीही कळलं नाही तर स्वच्छ डिझेलचा वेगळा कॅन थेट पंपाला जोडा. दाब आला तर दोष टाकी, जाळी किंवा नळीत. नाही आला तर पंप, नाहीतर जादा डिझेल परत सोडणारा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिलेला.

पुरवठा लोडवरही ठाम आहे आणि रेल तरी मागे पडते, तेव्हाच हाय-प्रेशर बाजूकडे वळावं. तिथे पहिलं काम इंजेक्टरचं परतीचं डिझेल वेगवेगळ्या मोजनळ्यांत घेणं. एकाचं बाकीच्यांच्या दुपटी-तिपटीने भरलं तर तो इंजेक्टर. सगळे सारखे असतील तर रेलचा प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह परतीत गळतोय का बघावं, मग मीटरिंग व्हॉल्व्ह, आणि पंप सर्वांत शेवटी. कॉमन रेलवर इंजेक्टरची नळी सैल करून मिसिंग (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधायची जुनी पद्धत वापरू नये.

कुणी काय घ्यावं

स्वतः चालवणाऱ्याने आधी बझरवालं सेन्सरचं गेज घ्यावं. स्कॅनर लागेल तेव्हा गॅरेजमध्ये मिळतो. गॅरेजला दोन्ही लागतात: रेलसाठी स्कॅनर, आणि ग्लिसरीनचं यांत्रिक गेज, नीडल व्हॉल्व्ह, वेगवेगळ्या मापांचे बॅन्जो बोल्ट असा एक संच. अनेक ट्रक सांभाळणाऱ्याकडे एसपीएन ९४ देणारी इंजिनं असतील तर टेलिमॅटिक्सवर (ट्रकचा डेटा दुरून दाखवणाऱ्या यंत्रणेवर) तोच आकडा रोज लोडवर बघावा, वेगळं गेज लावायची गरज नाही.

अपवाद फीड पंप नसलेल्या ट्रकचा, जिथे हाय-प्रेशर पंपच टाकीतून डिझेल ओढतो. तिथे साधं प्रेशर गेज कायम शून्यावर बसेल. त्याला दाब आणि निर्वात दोन्ही दाखवणारं कंपाउंड गेज हवं, फिल्टर आणि पंपाच्या मध्ये. नवा फिल्टर घातल्यावर लोडवरचा निर्वाताचा आकडा लिहून ठेवावा; पुढे तो किती वाढला यावरून फिल्टर कधी बदलायचा ते ठरवता येतं.